कोठीचं झाकण

"आण मग," बाबा म्हणाले आणि त्यांनी मान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवली. मी त्यांच्या शेजारीच बसले होते, माझा गुडघा त्यांच्या खुर्चीला टेकलेला होता. "काय आणू?" मी विचारलं. "चहा. डबा वाजला ना आत." मग माझा आवाज अगदी जवळून आला हे त्यांच्या लक्षात आलं असावं. घरात आम्ही दोघंच. मी इथे बसलेय, तर आत डबा कुणी वाजवला? त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी रोज सकाळी बघते. मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, आणि म्हातारी माणसं कधीकधी वाट चुकल्यासारखी काहीतरी बोलून जातात, आपल्या गेलेल्या बायकोला घरी फोन करून सांगा म्हणतात, आणि मग आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू येतं. तेव्हा जो चेहरा होतो तो. "टीव्हीतला आवाज होता," मी म्हटलं. "असेल," बाबा म्हणाले, "पुढे काय चाललंय ते सांग." पण मला पुढचं सांगता येईना. पडद्यावर किल्ल्याचं कोठार होतं, अंधारं, वरच्या झरोक्यातून उजेडाची एकच पट्टी. कोठीवालीनं त्या दिवसाचं धान्य मापून दिलं होतं, पत्र्याच्या कोठीचं झाकण लावलं होतं, आणि ते लागल्यावर तळहातानं त्यावर दोनदा थोपटलं होतं. थप्‌थप्‌. तान्ह्या पोराला झोप लागल्यावरसुद्धा आई उगाच दोनदा थोपटते आणि मग उठते, तसं. "अगं, सांग ना," बाबा म्हणाले. "कोठीवाली कोठाराबाहेर गेली," मी सांगितलं. थोपटण्याचं सांगितलं नाही.

आमच्या घरात त्या आवाजाचा अर्थ चहा. आई चहाचा डबा बंद केला की झाकणावर दोनदा थोपटायची. झाकण घट्ट बसायला एकदा दाबलं तरी पुरलं असतं, पण तिला ते दोनदा थोपटल्याशिवाय डबा मिटल्यासारखा वाटत नसावा. बाहेरच्या खोलीत बाबा लिहीत असत. आवाज झाला की ते पेनाला टोपण लावत. हाक नाही, विचारणं नाही. माझ्या लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्या घरी चहा असाच कळवतात. मैत्रिणीच्या घरी तिच्या आईनं "चहा झाला गं" असं ओरडून सांगितलं तेव्हा मला ते जरा उद्धटच वाटलं होतं. आई गेली, डबा माझ्या हातात आला, आणि बाबांचं टोपण तसंच लागत राहिलं. पुढे डोळ्यांमुळे पेनच सुटलं. आता ते नुसते खुर्चीत सरळ होऊन बसतात. माझ्या हातून ते थोपटणं होतं याची मला कल्पनाही नव्हती. ते मला पडद्यावर बघून कळलं. माणसाला स्वतःची चाल जशी दुकानाच्या काचेत अचानक दिसते आणि क्षणभर वाटतं, ही कोण बाई, तसं झालं. फरक एवढाच की मला त्या क्षणी मी दिसले नाही. मला आई दिसली, किल्ल्यात अडकलेली, मळक्या पांघरुणातली.

बाबांच्या कादंबरीवरून ही मालिका निघाली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, फक्त बाबांना सोडून. कादंबरी जुनी. एक किल्ला, त्याला पडलेला लांबलचक वेढा, आत एक विधवा राणी. एवढ्यावर बाबांनी सहाशे पानं लिहिली आणि लोकांनी ती वाचली. जिन्यात अनोळखी माणूस थांबून राणीच्या भाषणातली वाक्यं म्हणून दाखवायचा. शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांत दरवर्षी एखादी मुलगी कमरेला ओढणी बांधून ते म्हणायची. "हा दगड माझा आहे म्हणून मी इथे राहिले नाही. मी राहिले म्हणून हा दगड माझा झाला." शेवटी दरवाजे उघडून बाहेर पडताना राणी आपल्या उपाशी माणसांसमोर हे भाषण करते, आणि ते तीन पानं चालतं. मी ते चहा गाळताना म्हणू शकते. बाबा प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचून बघत आणि कानाला पटलं तरच ठेवत. त्यांचा कान जबरदस्त. अजूनही दोन खोल्या पलीकडे रेडिओवर कुणी चुकीचा शब्द वापरला तरी ते बसल्या जागी "च्‌" करतात. आपल्या वडिलांचं कौतुक करायला मला संकोच वाटत नाही. ते अवघड आहेत, हट्टी आहेत, स्तुती ऐकताना डोळे मिटून घेतात म्हणजे लोकांना वाटावं की ऐकत नाहीयेत, पण वाक्य म्हणजे काय हे त्यांना कळतं. आणि आता त्यांना उजेड-अंधारापलीकडे दिसत नाही, म्हणून मालिका त्यांना मी सांगते.

सांगायची सवय मला कामावरून आहे. सुईकडे बघायचं धाडस नसलेल्या माणसाला आधी सांगावं लागतं. आता थंड लागेल, आता टोचेल, आता मूठ सोडा, झालं. पहिल्या भागाला मी बाबांना तसंच सांगत होते. आता दार उघडतंय, आता घोडे आत आले, आता राणी वळली, झालं. "तू रक्त काढल्यासारखं सांगू नकोस," बाबा वैतागून म्हणाले. मग मी सावकाश सांगायला शिकले. काय वगळावं हेही शिकले. त्यांना नटांचे कपडे नको असत. कोण कुणाकडे बघतंय ते हवं असे. आणि मला, खरं सांगायचं तर, मालिका पहिल्या आठवड्यापासून आवडली होती, इतकी की सांगताना माझा आवाज वर जायचा आणि तो जाऊ नये म्हणून मला घोट घ्यावा लागायचा. पुस्तकात बाबांनी लिहिलंय, "आता उपासमार सुरू झाली." फार मोठं वाक्य आहे ते, त्याच्या मागे-पुढे काही नाही. मालिकेत ते वाक्य नाही. मालिकेत राणी बोटातल्या अंगठीला आतून दोरा गुंडाळत बसली आहे. पुढच्या भागात तोच दोरा आणखी जाड झालेला दिसतो. कुणी काही बोलत नाही. मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतःचं बोट चाचपलं. मग म्हणाले, "अंगठी सैल होते म्हणून?" "हो." "हं," बाबा म्हणाले. त्यांच्याकडून "हं" मिळवायला समीक्षकांची हयात गेलेली आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तोंड धुताना मला हाक मारून सांगितलं की दोरा वगैरे ठीक आहे, पण ती कोठीवाली म्हणजे हद्द झाली.

कोठीवालीबद्दलचं दुखणं जुनं होतं. पुस्तकात ती बाई एका परिच्छेदापुरती येते. वेढ्यात धान्य मापून देते, मापावरून हात फिरवून ते सपाट करते, कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही, राणीलाही नाही. आणि मग सहाशे पानांत पुन्हा दिसत नाही. बाबा प्रत्येक प्रकरण झालं की ते आईला वाचून दाखवत. आई काहीतरी निवडत, टिपत, घडी घालत ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "बरं झालंय." तिच्या "बरं"ला पायऱ्या होत्या आणि त्या बाबांना ठाऊक होत्या. कोठीवालीचं प्रकरण वाचलं त्या दिवशी मी कपड्यांच्या ढिगाऱ्याला टेकून अभ्यासाचं नाटक करत होते. वाचून झालं. आई म्हणाली, "हिला एवढंच?" बाबा म्हणाले, "अगं, इतिहासात तर तिला एवढंसुद्धा नाही. मी दिलं म्हणून आहे." आई हसली आणि उठून गेली. थोड्या वेळानं आतून डबा वाजला. मला हे सगळं एवढं लख्ख का आठवावं कळत नाही. त्या दिवशी काही घडलं नव्हतं. चहा आला, बाबांनी टोपण लावलं, सगळं रोजच्यासारखं झालं.

मालिकेची दिग्दर्शिका पहिल्यांदा घरी आली तेव्हा बाबांना वाटलं होतं की ती राणीबद्दल विचारेल. ती बारीक, कुरळ्या केसांची, सारखी नाक ओढणारी बाई आहे, वयानं माझ्याहून लहान. पुस्तकाचं पान तिनं दुमडून ठेवलं होतं. तिथे बोट ठेवून ती म्हणाली, "सर, हिला एवढंच का?" मी ट्रे घेऊन दारातच थांबले. बाबांनी तेच उत्तर दिलं, इतिहासात एवढंसुद्धा नाही वगैरे. ती म्हणाली, "पण किल्ला जगला कुणामुळे?" बाबा म्हणाले, "तोफांमुळे." ती म्हणाली, "रोज सकाळी तोफा खाल्ल्या नाहीत ना त्यांनी." त्या दिवसापासून बाबा तिला मागून कात्रीबाई म्हणतात, कारण कोठीवालीला जागा करून द्यायला तिनं दोन लढाया आणि एक फितुरी कापली. "एका परिच्छेदाची बाई हिनं अख्ख्या मालिकेची करून ठेवली," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी कात्रीबाईच्या बाजूची झाले ती तिथेच, ट्रे घेऊन दारात उभी असताना. करारात बाबांनी एक कलम घालून घेतलं होतं. शेवटचा भाग दाखवला जाण्याआधी त्यांना दाखवायचा, आणि पटला नाही तर 'यांच्या कादंबरीवरून' ही ओळ काढून टाकायची. सगळ्या भागांवरून, मागच्यासुद्धा. "राणीचं भाषण राहिलं तर माझं नाव राहील," ते म्हणाले होते. "ते गेलं तर मीही गेलो." बाबा असल्या गोष्टी नुसत्या बोलत नाहीत. एकदा एका शब्दावरून त्यांनी मित्राशी अबोला धरला, तो मित्र जाईपर्यंत सोडला नाही.

त्या थोपटण्यानंतर मला चहा करणं अवघड झालं. दुसऱ्या दिवशी मी डबा काढला, पत्ती घातली, झाकण लावलं आणि हात वरच राहिला. थोपटायचं की नाही? जे कधी ठरवून केलं नव्हतं ते आता ठरवून करायचं म्हणजे नाटक झालं, आणि नाही करायचं म्हणजेही नाटकच. मी झाकण नुसतं दाबलं. कप घेऊन बाहेर आले तर बाबा खुर्चीत मागे रेलून झोपल्यासारखे बसले होते. "अरे, केलास पण?" ते म्हणाले. "कळलं नाही मला." असं पुढचे कितीतरी दिवस चाललं. मी आवाज करत नव्हते आणि बाबा दर वेळी दचकून कप घेत होते. लॅबमध्ये माझा हात कधी चुकत नाही, पण त्या आठवड्यात मला एका बाईची शीर दोनदा शोधावी लागली. ती बिचारी "असू दे हो" म्हणाली. मला राग येत होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. आईची एक गोष्ट कुणीतरी उचलून नेली होती, ती सगळ्या घराघरांत दिसली होती, आणि ती इतकी सुंदर दिसली होती की चोरी म्हणायला जीभ रेटत नव्हती. एवढ्या वर्षांत मला आईची आठवण आली तर तिचा आवाज आठवायचा, तिची साबणाची वडी, पायांच्या भेगा. हे आठवलं नव्हतं. ते रोज माझ्याच हातात होतं म्हणून.

तो भाग मी पुन्हा लावला, बाबा दुपारी झोपले असताना, आवाज बंद करून. कोठीवालीचं काम करणारी नटी साठीला आलेली असेल. चेहरा असा की रांगेत आपल्या पुढे उभी असली तर लक्षात राहू नये. ती मापावरून उजवा हात फिरवते, धान्य ओतते, झाकण उजव्या हातानं ओढते, आणि थोपटते मात्र डाव्या हातानं. मी थांबवलं, मागे नेलं, पुन्हा बघितलं. डाव्या हातानं. आई डावखुरी नव्हती. डावखुरी मी आहे. तेव्हा मला ती दुपार आठवली. मालिका सुरू व्हायच्या आधी दिग्दर्शिका तिला एकदा घरी घेऊन आली होती. बाबा बाहेर वेढ्यांच्या इतिहासावर बोलत होते आणि ही नटी पाणी मागायला म्हणून आत आली आणि स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली. मी चहा करत होते. तिनं भूमिकेबद्दल चकार शब्द काढला नाही. "तुम्ही डावखुऱ्या का?" एवढंच तिनं विचारलं. "हो, लहानपणी मार खाल्लाय त्यासाठी," मी म्हटलं. "मीही खाल्लाय, माझी सवय सुटली त्यानं," ती म्हणाली. मग पेल्यातलं पाणी सावकाश पीत ती तिथेच उभी राहिली. मला वाटलं बाबांच्या व्याख्यानातून सुटका करून घ्यायला आली असेल, सगळेच येतात. आणि तेवढ्यात तिनं ते घेतलं होतं. माझ्याकडे नुसतं बघून माझ्यामागे उभी असलेली आई उचलली होती, जिला तिनं कधी पाहिलं नव्हतं, जिच्याबद्दल कुणी तिला काही सांगितलं नव्हतं. टीव्हीसमोर जमिनीवर बसून मला रडू आलं. राग गेला होता. मी रोज लोकांच्या दंडाकडे बघते, माझी नजर चांगली आहे असा माझा समज होता. या बाईची नजर बघून मला नमस्कार करावासा वाटला.

शेवटच्या भागाच्या आधी दिग्दर्शिकेचा फोन आला. "ताई, भाषण नाहीये," ती म्हणाली आणि नाक ओढलं. "चित्रित केलं होतं. चांगलंही झालं होतं. पण ती माणसं इतकी उपाशी आहेत आणि राणी तीन पानं बोलतेय, मला बघवेना. मी स्वतः घेऊन येते भाग. सरांना फोनवर नाही सांगणार." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवून बसून राहिले. मला ते नाव तिथे हवं होतं. एरवी बाबांच्या नावाचं मला फार काही वाटत नाही, त्यानं जिना चढताना अनोळखी लोकांशी हसावं लागतं. पण आता त्या मालिकेत आई होती. बाबांनी रागानं हात झटकले असते तर आई तिथे एकटी राहिली असती, परक्यांच्या किल्ल्यात, आणि बाबा इथे खुर्चीत, आपल्या भाषणासकट. ही दोन माणसं एकाच पाटीखाली असावीत एवढंच मला वाटत होतं. खोटं सांगावं का, हाही विचार आला. भाषण मला पाठ आहे. पण बाबांना आवाज ऐकू येतात, राणीच्या जागी मी बोलले तर त्यांना कळेल, आणि शेजारी दिग्दर्शिका बसलेली असणार. थोपटण्याचं आधीच सांगून टाकावं? "बाबा, ती आई आहे"? मग ते म्हणाले असते की आईला मध्ये आणू नकोस. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

दिग्दर्शिका दुपारी आली. ओल्या छत्रीचं काय करावं ते न कळून ती छत्री हातात धरूनच बसली, शेवटी मी ती काढून घेतली. बाबांनी स्वच्छ शर्ट घातला होता आणि वरचं बटण लावलं होतं. परीक्षकानं बसावं तसे ते बसले. "भाषण आहे ना?" त्यांनी आधीच विचारलं. दिग्दर्शिका माझ्याकडे बघत म्हणाली, "सर, आधी भाग ऐका. मग मला काय बोलायचं ते बोला." "म्हणजे नाही," बाबा म्हणाले. मला वाटलं ते उठून आत जातील. ते उठले नाहीत. "लावा," ते म्हणाले.

मी सांगू लागले. सकाळ आहे, धुकं आहे. किल्लेदार किल्ल्या आणून देतोय. राणी किल्ल्यांकडे बघत नाही, त्याच्या अनवाणी पायांकडे बघतेय. तिनं अंगठी काढली, दोरा सोडवला, अंगठी त्याच्या हातात दिली, दोरा स्वतःजवळ ठेवला. दरवाजे उघडतायत. बाबांनी खुर्चीच्या हातावर बोटं घट्ट धरली, इथे भाषण यायला हवं होतं. बिजागऱ्या करकरल्या. मग पावलं, पुष्कळ पावलं, ओढत चाललेली. राणी बाहेर पडली. माणसं तिच्यामागे बाहेर पडली. बाबांचे ओठ हलत होते. ते भाषण म्हणत होते, आतल्या आत, त्या पावलांवर. मी थांबले. ते बघून मला पुढे बोलवेना. पडद्यावर किल्ला रिकामा झाला आणि कोठीवाली कोठारात उरली. तिनं कोपऱ्यातला केर काढला. शत्रू येणार म्हणून कुणी घर झाडतं का? तिनं झाडलं. कोठ्यांची झाकणं उघडीच पडली होती. तिनं एकेक लावलं. आवाज येत होते आणि मी काहीच सांगत नव्हते. शेवटच्या कोठीत तिनं वाकून पाहिलं, आत हात घालून तळ पुसला, झाकण ओढलं आणि डाव्या हातानं दोनदा थोपटलं. थप्‌थप्‌. मागे संगीत नव्हतं. आवाज पोकळ होता, तो कोठारभर फिरला आणि हळूहळू थांबला.

बाबांची मान स्वयंपाकघराकडे वळली. आणि तिथेच राहिली. दिग्दर्शिकेनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी तिला हातानं थांबवलं. "रिकामी आहे," बाबा म्हणाले. मी त्यांना कोठीचं काही सांगितलेलं नव्हतं. "पुन्हा लावा तेवढंच." दिग्दर्शिकेनं मागे नेऊन लावलं. या वेळी त्यांनी मान वळवली नाही. पुढे वाकून, डोळे मिटून ऐकलं, एखादं वाक्य पारखावं तसं. "हे पुस्तकात नाही," ते म्हणाले. "नाही सर." "तुम्हाला कुठे मिळालं?" "आमच्या नटीला मिळालं. तुमच्या घरी." बाबा हसले, किंवा हसण्यासारखा आवाज त्यांच्या छातीतून आला. "मी इथे बसून ऐकत होतो," ते म्हणाले. "इतकी वर्षं. मला वाटायचं, चहा झाला." त्यांची बोटं शर्टाचं वरचं बटण चाचपत होती. ते काढून त्यांनी गळा मोकळा केला. "तिनं विचारलं होतं मला. हिच्या आईनं. हिला एवढंच, म्हणून. मला वाटलं ती कोठीवालीबद्दल विचारतेय."

खोलीत छत्रीचं पाणी टपकत होतं, मी ती नीट उभी केली नव्हती. दिग्दर्शिका जमिनीकडे बघत होती. तिला आई माहीत नव्हती, पण तिला सगळं कळलं होतं हे तिच्या नाक ओढण्यावरून समजत होतं. मी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांनी झटकला नाही, त्याची दखल घेतली असंही नाही, नुसता ठेवू दिला. "नावाचं काय करू सर?" तिनं अगदी हळू विचारलं. "राहू द्या," बाबा म्हणाले. "बारीक अक्षरात लावा, मला काय, दिसणार नाहीच." मग जरा सावरून, नेहमीच्या खणखणीत आवाजात, "आणि भाषण वाईट नाही हं ते. तुम्ही कापलंत ते बरोबर कापलंत, पण वाईट म्हणून कापलं असं बाहेर कुठे सांगू नका." "नाही सर. मला पाठ आहे ते," दिग्दर्शिका म्हणाली, "मी शाळेत म्हटलं होतं. ओढणी बांधून." "बक्षीस मिळालं?" "दुसरं." "पहिलं मिळायला हवं होतं. कुठे चुकलात ते म्हणून दाखवा, मी सांगतो," बाबा म्हणाले. मी उठून आत गेले.

पाणी ठेवलं. बाहेर ती भाषण म्हणू लागली होती, आधी लाजत, मग जोर धरत, आणि बाबा मध्येच "थांबा, इथे श्वास घ्यायचा नाही" असं सांगत होते. माझे डोळे गळत होते आणि मला हसूही येत होतं. पाणी उकळायच्या आधीचा आवाज करायला लागलं. मी डबा काढला, पत्ती घातली, झाकण लावलं, साखरेकडे वळले. बाहेर दोघं एकदम गप्प झाली. काय झालं म्हणून मी वळून बघितलं तर माझा डावा हात अजून डब्यावरच होता. "दगड माझा झाला," दिग्दर्शिकेनं अर्धवट राहिलेलं वाक्य चाचरत पुरं केलं, पण बाबांनी तिला पुढे जाऊ दिलं नाही. ते खुर्चीत सरळ होऊन बसल्याचं मला लाकडाच्या आवाजावरून कळलं. "बसा जरा," ते तिला म्हणाले, "आलाच आता चहा."